चौऱ्याऐंशी गोळ्या

८ जानेवारी

पहिली गोळी सकाळी साडेआठला घेतली. वाशिमच्या सरकारी दवाखान्यातल्या यास्मीन मॅडमनी सांगितलं की रोज गोळी घेतली की वहीत लिहायचं, म्हणजे चुकत नाही. चौऱ्याऐंशी दिवस, चौऱ्याऐंशी गोळ्या. घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी आणि वऱ्हाडी मिसळून बोलतो, स्टँडवर नुसती वऱ्हाडी, पण वही उघडली की शाळेतली मराठीच उतरते.

वही हरवली तर परत मिळावी म्हणून नाव लिहून ठेवतो. राजपाल, मेडशीजवळचा तांडा, वय छत्तीस. मेडशी ते वाशिम काळीपिवळी जीप चालवतो.

मागच्या महिन्यात तांड्यावर तपासणीची गाडी आली होती. अकरा जणांच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. मला निघाला. माझ्या याडीला, म्हणजे आईला, निघाला. तिचं लिव्हर आकसून दगड झालंय म्हणे, तिला गोळ्या चोवीस आठवडे. बायको रीता आणि पोरगी रंजीता सुटल्या.

मॅडमना विचारलं, हे आलं कुठून? म्हणाल्या, "वीस-वीस वर्षं अंगात गपचूप राहतो हा विषाणू. आता कोणी खात्रीनं नाही सांगू शकत."

मी सांगू शकतो. अकराही जणांना एकाच माणसानं सुया टोचल्या. जऊळक्याचा सतीश. डिग्री नाही काही नाही, पण मी शाळेत होतो तेव्हापासून बॅग घेऊन तांड्यावर येतो आणि सगळे त्याला डॉक्टर म्हणतात.

१५ जानेवारी

आठवी गोळी. आज मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. अंगात पहारेकरी असतात. ते इतकी वर्षं ह्या विषाणूशी मारामारी करून थकून गेले, नुसते उभे राहतात, हात उचलत नाहीत. गोळी विषाणूला वाढू देत नाही. तो संपत गेला की पहारेकऱ्यांना दम मिळतो.

मी म्हटलं, "म्हणजे ते परत पहिल्यासारखे?"

"थोडेफार. पूर्ण नाही. इतकी वर्षं मार खाल्लेल्याच्या अंगावर खुणा राहतातच."

सुरुवातीला कावीळ बीचीही तपासणी केली होती, कारण सी गेला की दबून बसलेला बी कधी कधी उसळतो. माझ्यात बी नाही. मला हे सगळं ऐकून बरं वाटलं. इतकी वर्षं मी लवकर का थकतो, गिअर टाकताना हात का जड होतो, ते कळलं.

२ फेब्रुवारी

सव्विसावी. स्टँडवर बबलूनं माझ्या गाडीतल्या सवाऱ्या उतरवल्या. त्याची गाडी माझ्या मागे नंबरला असते. ओरडून सांगत होता, "त्याच्या गाडीत नका बसू, त्याले रगताची बिमारी हाये." दोन बाया पोरं घेऊन उतरल्यासुद्धा.

मी उतरलो, त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड त्याच्याच बॉनेटवर आपटलं. दोनदा. नाक मोडल्याचा आवाज आला. लोकांनी सोडवलं नसतं तर तिसऱ्यांदाही आपटलं असतं.

घरी येताना हात हलका होता. दोन वर्षांत असं वाटलं नव्हतं. माझे पहारेकरी उठलेत.

रीताला सांगितलं तर ती चूल पेटवायला उठली. रंजीता माझ्याजवळ गणितं घेऊन बसायची, ती आज आजीपाशी बसली. दहा वर्षांची झाली, लाज वाटत असेल.

२० मार्च

बाहत्तरावी. काल रीताच्या कानाखाली मारली. लिहायचं म्हणून लिहितो. कारण सतीशच होता.

याडीच्या पोटात पाणी भरलं होतं. मी मालेगावकडे गेलो असताना तिनं त्याला बोलावलं, आणि हा बॅग घेऊन आला. मी आलो तेव्हा माझ्याच ओट्यावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "राजपाल, मी काई टोचलं नाई रे. वाशिमले ने तिले, एवढंच सांगाले आलो." मी कप उचलून त्याच्या छातीवर मारला. तो निघून गेला. मग मी रीताला विचारलं, "काहून येऊ देल्लं त्याले घरात?"

ती म्हणाली, "तुमच्या मायनं बलावलं. तिचं घर नाई काय?"

मग हात उठला.

याडी खाटेवरून म्हणाली, "त्यानं तुले वाचवलं व्हतं. तुले हगवण लागली तवा चिखलात सायकल खांद्यावर घेऊन आल्ता. दुसरं कोण आलं?"

मी म्हटलं, "तवाच टोचलं त्यानं मले."

"तवाच वाचवलं," ती म्हणाली. म्हातारी झाली, तिला कळत नाही.

१ एप्रिल

चौऱ्याऐंशी.

३० जून

आज निकाल. बारा आठवडे थांबून रक्त दिलं होतं. विषाणू सापडला नाही. मॅडम हसल्या, माझ्याशी हात मिळवला. याडीचंही रक्त साफ आलं, पण लिव्हर भरून येईल असं नाही, म्हणाल्या. तिला जपा, शौचाला काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर एक मिनिट थांबू नका.

मग मला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, अँटीबॉडीची तपासणी जन्मभर पॉझिटिव्हच येईल. कोणी तो कागद दाखवून घाबरवलं तर घाबरायचं नाही. दुसरी, "हे कांजण्यांसारखं नाही राजपालभाऊ. कांजण्या एकदा झाल्या की सहसा परत होत नाहीत. सीचं तसं नाही. ह्या अँटीबॉडी राखण करत नाहीत. कोणाचं बाधित रक्त तुमच्या रक्तात गेलं तर परत होऊ शकतो. ब्लेड, सुई, गोंदण, सगळं सांभाळा."

मी हो म्हटलं. डोक्यात पेढ्यांचं चाललं होतं. तांड्यात वाटले. फुलसिंगला, माझ्या काकाच्या पोराला, सांगितलं की आता मला काही होत नाही. त्याच्याही अंगात होता, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

९ जुलै

याडी गेली.

सकाळी दहाला ओट्यावर बसली होती. पाणी मागितलं आणि लोटा हातात घ्यायच्या आधी रक्त ओकली. लोटाभर नव्हे, बादलीभर. मी उचलून गाडीत टाकली, रीतानं मागे तिचं डोकं धरलं. मालेगावच्या अलीकडे परत ओकली, माझ्या मानेवर, पाठीवर, काचेवर. मी वायपर चालू केला. रक्त आतून होतं आणि मी वायपर चालू केला.

वाशिमच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती नव्हती. मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, "विषाणू गेला होता हो, पण त्यानं आधी जे केलं ते..."

गाडी मी एकट्यानं धुतली. सीटच्या शिवणीतून अजून लाल पाणी निघतंय.

२१ जुलै

आज केलं.

फुलसिंग होता, देवमन होता. देवमनची बहीण त्या अकरातली. तिघांनी तोंडाला दुपट्टे बांधले. जऊळक्याकडून सतीश पाच वाजता येतो, नाल्याजवळ रस्ता वळतो तिथे झुडपं कमरेएवढी वाढलीत. तिथे बसलो.

देवमननं मोटरसायकलच्या चाकात काठी घातली. तो उडून पडला. उठून म्हणाला, "पैसे घ्या बापू, बॅग राहू द्या." मी गाडीची टॉमी, चाक खोलायचा लोखंडी दांडा, आणली होती. पहिला घाव गुडघ्यावर घातला. तो बसला. मग टॉमी फेकून दिली, कारण मला हातानं मारायचं होतं. तोंडावर मारत गेलो. त्याचे दात माझ्या बोटांच्या हाडात घुसले, तरी मारलं. त्याच्या तोंडातून, नाकातून रक्त येत होतं आणि माझी मूठ त्यात फचफच वाजत होती. देवमननं बूट घातला तो डोळ्यावर बसला. फुलसिंग म्हणाला, "मरन तो, चाल." मी म्हटलं, "मरू दे."

तो ओरडत नव्हता. एकदाच म्हणाला, "कोण हाये रे बापू तू?"

बॅग उघडून रस्त्यावर ओतली. सुया सगळ्या पाकीटबंद निघाल्या, एकेकदा वापरायच्या. त्या पायाखाली चिरडल्या. फुलसिंग बघत राहिला. म्हणाला, "ह्या तर नव्या हायेत." मी म्हटलं, चल.

घरी आलो तर उजव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत फाटलेली. रीता शेतात होती. रंजीतानं पाणी ओतलं, हळद लावली, फडकं बांधलं. विचारलं, "बाबा, हे कोनाचं?" मी म्हटलं, जॅक सटकला.

आज झोप चांगली लागेल.

२८ जुलै

स्टँडवर सगळं कळतं. सतीश जिवंत आहे. जबडा दोन जागी मोडला, अकोल्याला नेलं, डावा डोळा गेला. पोलिसात "अनोळखी तिघं" अशी नोंद आहे. नाव कोणाचं घेतलं नाही. घ्यायला त्यानं ओळखलंच नाही.

दोन पोलीस तांड्यात येऊन गेले. तांड्याच्या नायकानं त्यांना चहा पाजला.

हाताची जखम चिघळली. मॅडमकडे जायची सोय नाही, विचारतील. मेडशीच्या दुकानातून मलम आणलं.

रीताला माहीत आहे. धुवायला टाकलेला माझा शर्ट तिनं चुलीत घातला.

३० ऑगस्ट

आठ दिवसांपासून अन्न जात नाही. लघवी चहासारखी. आज सवारीतली एक म्हातारी आरशात बघून म्हणाली, "बापू, तुये डोये पिवळे हायेत." मी आरसा फिरवला. हळदीसारखे.

घाबरलो म्हणून लिहितो. याडीलाही असंच सुरू झालं होतं.

१ सप्टेंबर

मॅडमनी रक्त घेतलं. हाताच्या खुणांकडे बघितलं. जुना विषाणू उसळला का, मी विचारलं. म्हणाल्या, "सहसा नाही. नमुना बाहेर पाठवते, विषाणूची जात कळू द्या."

दारू पितो का, विचारलं. नाही पीत.

१२ सप्टेंबर

विषाणू आहे. लाखांनी आहे. आणि हा जुना नाही. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जानेवारीतला तीन नंबरच्या जातीचा होता, हा एक नंबरच्या. म्हणजे जुना पूर्ण मेला होता, हा नव्यानं बाहेरून आलाय, गेल्या दोन-तीन महिन्यांत.

मी म्हटलं, "याडी माझ्या अंगावर ओकली व्हती. तिच्याकून आला."

मॅडमनी तिचा जूनचा कागद काढला. "तिच्या रक्तात विषाणू नव्हता, राजपालभाऊ. आणि होता तेव्हाही तीन नंबरचाच."

मी म्हटलं, न्हावी. मॅडम म्हणाल्या, असू शकतो. मी म्हटलं, तुमच्याच दवाखान्यातली सुई. त्या म्हणाल्या, "इथली पाकिटं तुमच्यासमोर फोडतो." मग पेन खाली ठेवला. "तुमच्या उघड्या जखमेत कोणाचं रक्त गेलं का? मला नाव नको. पण तो माणूस जिवंत असेल तर त्याला सांगा. त्याला बहुतेक माहीतच नाही. तोही आतून पोखरला जातोय. तीन महिन्यांच्या गोळ्यांत बरा होईल."

मी तिथून निघालो आणि स्टँडपर्यंत चालत आलो. गाडी दवाखान्यातच राहिली होती, ते स्टँडवर कळलं.

सतीशनं कधीतरी चुकून स्वतःलाच सुई टोचून घेतली असेल. आमच्यातल्याच कोणाची, नाहीतर आणखी कुठल्या गावाची.

माझे पहारेकरी उठले होते ना? मग त्यांनी ओळखलं का नाही? इतकी वर्षं ज्याच्याशी लढले त्याचाच भाऊ दारातून आत आला आणि त्यांनी येऊ दिला.

१३ सप्टेंबर

रीताला सांगितलं, सगळं. नाला, टॉमी, दात.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "हात कोनं धुतला व्हता?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

ती उठली आणि रंजीताची दोन्ही हातांची बोटं उजेडात धरून एकेक बघायला लागली. पोरगी विचारत होती काय झालं, काय झालं. जुलैत तिच्या बोटाला काटा लागला होता का, नख उखडलं होतं का, हे रीता आठवायला लागली. मी म्हटलं, तसं नाई होत इतक्यात. ती म्हणाली, "माया पोरीच्या हातानं तू रगत धुवून घेतलं." आजवर मला कधी 'तू' म्हणाली नव्हती.

माझा हात वर गेला. रंजीता मध्ये आली नाही. तिनं डोळे मिटले आणि खांदे वर घेतले, जणू तिला कधी आणि कसं मिटायचं ते पाठ आहे.

हात खाली घेतला. पण वर गेला होता.

२२ सप्टेंबर

दोघींचे रिपोर्ट आले. दोघी साफ. नऊ दिवस मी जेवलो की नाही आठवत नाही. दवाखान्याच्या भिंतीला डोकं लावून रडलो, लोक बघत होते.

रीता तिथूनच पोरीला घेऊन माहेरी कामरगावला गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, "त्या मानसाले सांगतलं का?"

मी म्हटलं, "सांगतलं म्हंजे मी धरला जातो. त्यानं तोंड पाह्यलंच नाई."

"मग तो मरन."

"मरू दे म्हनून तर मारलं व्हतं."

बस सुरू झाली. रंजीतानं खिडकीची काच लावून घेतली.

२९ सप्टेंबर

नव्या गोळ्या सुरू. पुन्हा चौऱ्याऐंशी. सातवी झाली.

फुलसिंगला म्हटलं, मी जऊळक्याला जातो. त्यानं माझी गचांडी धरली. "आमाले फसवतं काय?" मी म्हटलं, तुमचं नाव घेणार नाही. त्यानं दगड उचलला आणि माझ्या गाडीची पुढची काच फोडली. देवमन तिथेच होता, त्यानं मान फिरवली. मी हात उचलला नाही. कशाला उचलू, काच तर फुटलीच होती.

सोयाबीन सोंगणी सुरू झाली. सवाऱ्या नाहीत, सगळे शेतात. घरी एकटा असलो की याडी कपाऐवजी लोट्यानं चहा प्यायची तो आवाज येतो.

५ ऑक्टोबर

तेरावी गोळी घेऊन गेलो. जऊळक्यात स्टेशनच्या मागे त्याचं घर. दुपारचे बारा. सतीश ओट्यावर बसला होता, डावा डोळा शिवून बंद केलेला, जबडा वाकडा. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. त्याची बायको रुपाबाई शेंगा फोडत होती.

"ये राजपाल," तो म्हणाला. शब्द फुटत नव्हते. "तुया मायचं, भुरीबाईचं आयकलं. येता नाई आलं."

मी उभाच राहिलो. घरातून पाठ करून आलेलं सगळं विसरलो.

"तुया रगतात कावीळ सी हाये," मी म्हटलं. "वाशिमले जाऊन तपासून घे. गोळ्या फुकट हायेत. तीन महिने."

"तुले कसं मालूम?"

मी उजवा हात पुढे केला. बोटांवर त्याच्या दातांच्या खुणा आहेत, पांढऱ्या, अर्धगोल.

तो एका डोळ्यानं बराच वेळ बघत राहिला. त्याला कळायच्या आधी रुपाबाईला कळलं. ती सूप टाकून धावत आली. कपडे धुवायची मोगरी दाराशी होती, ती उचलून खांद्यावर घातली. हाड मोडलं, मला आतून ऐकू आलं. दुसरी कपाळावर. डोळ्यात रक्त उतरलं. मोगरी तिच्या हातून सुटली तशी ती मुठींनी मारायला लागली, बांगड्या फुटून तिच्याच मनगटात घुसल्या, आणि ती तशाच रक्ताळलेल्या हातांनी माझ्या कपाळाकडे आली.

मी मागे पळालो. भिंतीला टेकलो. ओरडलो, "बाई, दगड घ्या! दगडानं मारा, पण हातानं मारू नका! माया रगतात हाये ते!"

ती थांबली. स्वतःच्या मनगटाकडे बघितलं.

"रुपा," सतीश म्हणाला, "हात धू. साबन लावून. पयले हात धू."

ती मोरीवर गेली. पाण्याचा आवाज खूप वेळ येत होता. मी डोक्याला दुपट्टा दाबून खाली बसलो, रक्त ओट्यावर पडू नये म्हणून.

सतीश म्हणाला, "तवा काचेच्या पिचकारीची एकच सुई व्हती. सात गावं. उकळून घ्यायचो. कदी उकळायचो, कदी रॉकेल नसायचं." मग म्हणाला, "मले वाटे, लोकं बरे व्हऊन राह्यले."

मी दुपट्टा कपाळावर घट्ट दाबला.

"तिघं व्हते. बाकीचे दोन कोन?"

"मी एकटाच सांगाले आलो."

"मंग एकट्याचंच लिहून दे," तो म्हणाला. "मले एवढं पायजे, कोनं मारलं ते कागदावर. रोज रातच्याले मी वेगळ्या वेगळ्या मानसाचं तोंड लावून पाह्यतो त्या दुपट्ट्याले. तुयंबी लावलं व्हतं. मंग काढून टाकलं. भुरीबाईचं पोरगं, म्हटलं, नाई करनार."

६ ऑक्टोबर

चौदावी.

खांदा बांधला, कपाळाला सहा टाके पडले. टाके घालणाऱ्या सिस्टरला आधीच सांगितलं, एकावर एक हातमोजे घाला, मला सी आहे. तिनं घातले.

यास्मीन मॅडमनी सतीशचं रक्त घेतलं. तो आणि रुपाबाई बाकावर बसले होते, मी दाराबाहेर. रुपाबाईचंही घेतलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग मालेगावच्या ठाण्यात. हवालदारानं विचारलं, आणखी कोण होतं? मी म्हटलं, जे सांगायचं ते माझं सांगतो. तो म्हणाला, साहेब आले की बोलतीलच बरोबर. बोलतील. मारतीलही.

रीताला फोन केला. म्हटलं, सांगितलं त्याला, आता ठाण्यात आहे. ती म्हणाली, "गोळ्या संग हायेत का?"

हायेत म्हटलं. सत्तर.

"तिथं रगत काढू देऊ नका अंगातून," ती म्हणाली. "मारले तर आधी सांगा त्याइले."

अंगावरचं सगळं आता जमा करायचं आहे, ही वहीही; तिच्यात ती दोन नावं आहेत, ते आत्ता ध्यानात आलं. साहेब आले.